"रांगेतून या" म्हणणाऱ्यांनी रांग दाखवावी : अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा आणि कागदपत्रं नसलेले लोक

ओढ्याकाठी (धागाकर्ती)

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकी लष्कराचं सी-१७ विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हरयाणा आणि गुजरातचे ३३-३३, पंजाबचे ३०, महाराष्ट्राचेही तिघं. हातात बेड्या, पायांत साखळ्या. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी दुसऱ्या दिवशी राज्यसभेत सांगितलं की परत पाठवताना बांधून ठेवण्याची ही कार्यपद्धती २०१२ पासूनची आहे. जुनी आहे म्हणून ती बरी ठरत नाही. चोरून सीमा ओलांडणं हा पहिल्या खेपेला अमेरिकी कायद्यात किरकोळ वर्गातला गुन्हा आहे. व्हिसा संपल्यावर राहून जाणं हा तर फौजदारी गुन्हाच नाही, ती दिवाणी बाब आहे.

त्या दिवसापासून इकडे अमेरिकेतल्या आमच्या मराठी ग्रुपांवर एकच वाक्य फिरतंय. "आम्ही रांगेत उभे राहून आलो, त्यांनीही रांगेतून यावं." मला या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. ते लिहिणारी माणसं वाईट नाहीत. वर्षानुवर्षं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काढलेली, दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (ग्रीन कार्डासाठी कुठल्या तारखेचे अर्ज घेतले जातायत त्याचा सरकारी तक्ता) उघडून आपली तारीख सरकली का ते बघणारी आहेत. पण रांग सगळ्यांसाठी आहे आणि काही जण ती मोडून घुसले, असं त्यांनी धरून चाललंय. तशी रांग कायद्यात नाही.

मेक्सिकोतला शेतमजूर घ्या, किंवा गुजरातेतल्या मेहसाण्याचा बारावी झालेला मुलगा घ्या. अमेरिकेत सख्खं कुणी नाही, पदवी नाही. १९९० च्या कायद्याने नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० ठरवून दिली. ती सगळ्या जगाला मिळून, आणि त्यातच नवरा-बायको-मुलंही मोजायची. त्या आकड्यातली अकुशल कामगारांच्या वाट्याला जास्तीत जास्त १०,०००. शेतात, बांधकामावर, हॉटेलांच्या भटारखान्यात, वृद्धांच्या सेवेला लाखोंनी माणसं लागणाऱ्या देशात दहा हजार! कायद्यात ५५,००० व्हिसांची लॉटरी आहे, पण ज्या देशांतून आधीच पुष्कळ लोक आलेत त्यांना ती बंद. भारत आणि मेक्सिको दोन्ही त्यात बसत नाहीत. शेतीचा हंगामी एच-२ए व्हिसा मिळतो, पण त्याला जोडून कायम राहण्याची काही सोय नाही. मग या माणसाने उभं कुठे राहायचं?

आता मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट. या कायद्यात 'रजिस्ट्री' नावाचं एक कलम आहे, १९२९ पासूनचं. अमुक तारखेच्या आधीपासून जो इथे सतत राहतोय आणि ज्याची वर्तणूक चांगली आहे, त्याला कायमचा रहिवासी करून घ्या, एवढंच ते सांगतं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती तारीख १९४०, १९५८, १९६५ आणि १९८६ मध्ये पुढे आणली. शेवटच्या वेळी ती १ जानेवारी १९७२ केली आणि तिथेच सोडून दिली. १९८६ साली या कलमाचा फायदा घ्यायला चौदा वर्षांचं वास्तव्य पुरत होतं, आज पन्नास वर्षांच्या वर लागतं. सात वर्षं राहिलेल्यांना यात घ्यावं, असं विधेयक २०२२ आणि २०२३ मध्ये आलं. ते मतदानापर्यंतही गेलं नाही.

बहुतेक फेडरल गुन्ह्यांना पाच वर्षांची मुदत असते, त्यानंतर खटला भरता येत नाही. १९९९ साली व्हिसा संपलेल्या, तेव्हापासून राबून कर भरणाऱ्या बाईला मात्र कुठलीच मुदत लागू नाही. ही तारीख पुढे आणावी, हे माझं म्हणणं. बाकी सुधारणांवर पुढे बोलूच.

सात_बारा

वाचतोय. रजिस्ट्रीचं माहीतच नव्हतं.

रारितन

मनापासून असहमत, आणि का ते सविस्तर लिहितो.

माझी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख) सप्टेंबर २०१४ ची, ईबी-२ म्हणजे उच्चशिक्षितांच्या गटातली. १,४०,००० पैकी ईबी-२ ला येतात सुमारे ४०,०००. कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांच्या वर नाही, म्हणजे भारताच्या हक्काची जेमतेम २,८००. दुसऱ्या देशांची उरली तर थोडी आमच्याकडे वळतात. १४० कोटींचा देश आणि आइसलँड, दोघांनाही मर्यादा एकच. २०२५ चा उन्हाळाभर भारताची ईबी-२ तारीख १ जानेवारी २०१३ वर खिळून होती.

मुलगी चार वर्षांची असताना आलो. आता अकरावीत आहे. २१ पूर्ण झाली की माझ्या अर्जातून तिचं नाव गळणार. मग तिने स्वतःच्याच गावात परदेशी विद्यार्थिनी म्हणून एफ-१ काढायचा. आणि तो मागताना 'शिकून झालं की मायदेशी परत जाणार' असं सांगायचं. कुठला मायदेश? तिला सांगलीत रिक्षा सांगता येत नाही.

ओबामांनी १५ जून २०१२ ला डाका आणलं. लहानपणी आलेल्या मुलांना दोन-दोन वर्षांचं संरक्षण आणि कामाचा परवाना. अट काय होती ठाऊक आहे? त्या दिवशी तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस असता कामा नये! ज्यांच्या आईबापांनी एकही दिवस चुकवला नाही, त्यांची मुलं बाद. म्हणून ताई, नियम पाळणाऱ्यांचं आधी बघा. मग बाकीच्यांचं.

कोयनाकाठ

रारितन +१. आमच्या थोरल्याचं हेच झालं. कॅनडाला गेला.

ओढ्याकाठी

रारितनदादा, तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. डाकाची ती अट मला कायम अन्यायाची वाटत आली आहे.

पण 'आधी आमचं, मग त्यांचं' हा हिशेब गेल्या वीस वर्षांत एकदाही जमलेला नाही. तो का जमत नाही ते बघू या. जुलै २०१९ मध्ये हाउसने (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने) देशनिहाय मर्यादा काढण्याचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. दोन्ही पक्षांचा पाठिंबा. डिसेंबर २०२० मध्ये सेनेटनेही (वरिष्ठ सभागृहानेही) आपला मसुदा एकमताने मंजूर केला. दोन्ही मसुद्यांचा मेळ बसेपर्यंत सत्र संपलं आणि सगळं पाण्यात. हे 'फक्त आमच्यासाठी'चं विधेयक होतं, निव्वळ कायदेशीर लोकांचं. तेही अडलंच.

आणि तुमच्या मुलीचा प्रश्न खरोखर सुटण्याच्या सर्वांत जवळ आपण पोचलो ते जून २०१३ मध्ये. सेनेटने ६८ विरुद्ध ३२ ने विधेयक ७४४ मंजूर केलं. त्यात नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा जाणार होती. बायको-मुलं त्या १,४०,००० च्या बाहेर मोजली जाणार होती. आणि कागदपत्रं नसलेल्यांना दंड भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन, तेरा वर्षांनी नागरिकत्वापर्यंत पोचता येणार होतं. सीमेवर बॉर्डर पेट्रोलचे हजारो जादा जवान लावायचं कलमही होतं. हाउसचे अध्यक्ष बेनर यांनी ते मतदानाला घेतलंच नाही. कारण एकच, त्या तेरा वर्षांवाल्या कलमाला 'माफी' म्हटलं गेलं. मेक्सिकन मजुराला काही मिळू नये म्हणून जे विधेयक बुडवलं, त्यातच तुमची मुलगी होती. ते २०१३ साली झालं असतं तर आज तुम्ही नागरिक असता.

म्हणून मला हे दोन प्रश्न वेगळे मानताच येत नाहीत. तुमची ७ टक्क्यांची मर्यादा आणि त्यांची १९७२ ची तारीख, दोन्ही काँग्रेसने ठरवून दिल्या आणि मग त्यांच्याकडे पाठ फिरवली.

चिंचपोकळी

धागा चांगला आहे, पण १९८६ चा अनुभव विसरून चालणार नाही. रेगन यांनी ६ नोव्हेंबर १९८६ ला सही केली, १ जानेवारी १९८२ च्या आधी आलेल्यांना आणि शेतमजुरांना मिळून २७ लाख लोकांना कायदेशीर केलं. बदल्यात सांगितलं काय, तर यापुढे बेकायदा माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला शिक्षा. प्रत्यक्षात? १९९० ला ३५ लाखांच्या आसपास असलेली संख्या २००७ पर्यंत १ कोटी २२ लाखांवर गेली (प्यू या संशोधन संस्थेचे अंदाज). शेतमजुरांच्या योजनेत तर खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट होता. एकदा दार उघडलं की पुन्हा लोक दाराशी येऊन बसतात. कायद्याचा धाक राहिला नाही तर कायदा कशाला?

ओढ्याकाठी

चिंचपोकळी, आकडे बरोबर आहेत, पण कारण दुसरं आहे.

१९४२ ते १९६४ पर्यंत 'ब्रासेरो' नावाची योजना होती. मेक्सिकन मजूर कराराने येत, हंगाम संपला की घरी जात. ती बंद केली. १९६५ च्या कायद्याने वंशावर ठरलेले जुने कोटे रद्द केले, ते फारच चांगलं झालं, त्यामुळेच आपण इथे आहोत. पण त्याच कायद्याने पश्चिम गोलार्धातल्या देशांवर पहिल्यांदा मर्यादा आणली, आणि १९७६ मध्ये मेक्सिकोलाही इतर देशांसारखी वर्षाला २०,००० ची मर्यादा लागली. शेतं तीच, मजूर तेच, मालकही तेच. कागद तेवढे गेले. तरी लोक ये-जा करतच होते. १९९३ मध्ये एल पासोला आणि १९९४ मध्ये सान डिएगोला सीमेवर मोठा बंदोबस्त सुरू झाला आणि ओलांडणं महाग आणि जिवावरचं झालं. परिणाम असा झाला की आत असलेले घरी जाईनासे झाले, आणि बायका-मुलांना इकडे आणू लागले. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी हे वर्षानुवर्षं मेक्सिकोतल्या गावांमध्ये घरोघरी विचारून दाखवून दिलं आहे.

१९८६ च्या कायद्यात पुढे लागणाऱ्या मजुरांसाठी काही सोयच ठेवली नव्हती. आणि मालकाला शिक्षा करायची तर 'जाणूनबुजून ठेवलं' हे सिद्ध करावं लागतं. मालक कागद बघतो, आय-९ (कागद तपासल्याचा फॉर्म) भरतो, मोकळा होतो. धाक दाखवायचा तर तो राबवून घेणाऱ्याला दाखवायला हवा होता. दाखवला राबणाऱ्याला.

द्राक्षबाग

मूळचा निफाडचा, आता कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या जवळ. द्राक्षाच्या रोगांवर काम करतो, त्यामुळे सगळा दिवस बागेत जातो. मजुरांबद्दल इथे जे बोललं जातंय ते रोज बघतो, म्हणून लिहितो.

इकडे मनुक्याची द्राक्षं ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात काढतात. यंत्रं आली आहेत, पण हातानेही बरंच होतं. दोन ओळींमधली माती सपाट करतात. मजूर वेलीत डोकं खुपसून वाकड्या सुरीने घड कापतो, टबात घेतो आणि जमिनीवर अंथरलेल्या कागदाच्या ट्रेवर पसरतो. ती तिथेच उन्हात वाळतात. पैसे ट्रेमागे. बाहेर चाळीस अंश. वेलीखाली वारा नाही, धूळ आणि गांधीलमाश्या. पहाटे दिवे लावून सुरुवात करतात, कारण दुपारी एकनंतर उभं राहवत नाही. बायका तोंडावरून रुमाल असा बांधतात की डोळेच दिसतात.

मजूर थेट शेतकऱ्याकडे नसतात. मधे फार्म लेबर कॉन्ट्रॅक्टर असतो. आपल्याकडे ऊसतोडीला मुकादम असतो ना, तोच प्रकार. गाडी त्याची, त्या गाडीचं भाडंही तोच कापणार, पगार त्याच्या हातून. ट्रे कमी मोजले तर तक्रार कुठे करायची? कॅलिफोर्नियात कागद नसले तरी किमान वेतनाचा हक्क आहे, कायदा तसं स्पष्ट सांगतो. पण तक्रार करणाऱ्याला 'कुणाला तरी फोन करतो' एवढं म्हटलं की तो गप्प.

अमेरिकेत पिकांवर काम करणाऱ्या मजुरांपैकी साधारण ४० टक्के लोकांकडे कागद नाहीत. हा सरकारी कृषी खात्याचा आकडा आहे. यातले कित्येक वीस-वीस वर्षांपासून त्याच बागांत आहेत. छाटणी यांच्याइतकी कुणाला येत नाही. जुलै २०२५ मध्ये कॅमारियोच्या शेतावर इमिग्रेशनवाल्यांचा छापा पडला तेव्हा पळताना एक मजूर ग्रीनहाउसच्या छपरावरून पडून मेला. त्यानंतर आमच्याकडेही आठवडाभर निम्म्या ओळी रिकाम्या होत्या.

यावर तोडगाही लिहून तयार आहे. शेतात ठराविक काळ काम केलेल्यांना आधी तात्पुरता आणि मग कायमचा दर्जा देणारं विधेयक हाउसने २०१९ आणि २०२१ असं दोनदा मंजूर केलं. शेतकरी संघटनांचा पाठिंबा होता, मजूर संघटनेचाही. सेनेटमध्ये अडकलं. मला राजकारणातलं फार कळत नाही, पण ज्याच्या हातचं आपण खातो त्याला लपून राहावं लागू नये, एवढं कळतं.

कोयनाकाठ

द्राक्षबाग, हे वाचून सुन्न झाले. माझ्या डब्यातले मनुके तिथलेच असणार.

पायरीवरची

मी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहते. शेताइतकं लांब जायचीही गरज नाही, हे सांगायला लिहितेय.

ज्या ग्रुपांवर "रांगेतून या" फिरतं, त्याच ग्रुपांवर दर आठवड्याला असते ही जाहिरात: 'घरात राहून बाळ सांभाळायला मराठी किंवा गुजराती मावशी हव्यात, स्वयंपाक यायला हवा, पगार रोख.' या मावश्या कुठून येतात? बऱ्याचशा टूरिस्ट व्हिसावर आलेल्या आणि राहिलेल्या आहेत. कुणाच्या नवऱ्याचं कर्ज होतं, कुणाला मुलीचं शिक्षण करायचं होतं. सोमवार ते शुक्रवार मालकाच्या घरी, शनिवार-रविवार चार-पाच जणींनी मिळून घेतलेल्या बेसमेंटमध्ये. आजारी पडलं तर डॉक्टर नाही, इमर्जन्सीला जायची भीती. जानेवारी २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, देवळं-चर्च इथे कारवाई टाळण्याची जुनी सूचना काढून टाकली, तेव्हापासून तर देवळातही येत नाहीत.

माझ्या ओळखीच्या एक मावशी आहेत, सातारा जिल्ह्यातल्या. त्यांच्या हाताखाली आपल्या लोकांची किती तरी बाळं मोठी झाली. वडील गेले तेव्हा त्या घरी जाऊ शकल्या नाहीत. १९९६ च्या कायद्याने असं केलंय की १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून देश सोडलात तर तीन वर्षं परत येता येत नाही, आणि एक वर्षाच्या वर राहिलात तर दहा वर्षं. म्हणजे कायदा एका तोंडाने 'जा' म्हणतो आणि जाणाऱ्यालाच शिक्षा करतो. म्हणून कुणी जात नाही.

आपण यांना घरात ठेवतो, आपली लेकरं त्यांच्या स्वाधीन करतो. मग त्यांच्याबद्दल बोलताना 'घुसखोर' शब्द आपल्या तोंडी येतो कसा?

रारितन

पायरीवरची ताई, जाहिरातीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. आमच्याही ओळखीत आहे. पण मूळ मुद्दा सोडत नाही. मावशींबद्दल कणव वाटणं वेगळं आणि कायद्याने सगळ्यांना सरसकट हक्क देणं वेगळं. २०२३ च्या आर्थिक वर्षात ९६,९१७ भारतीय सीमेवर पकडले किंवा अडवले गेले. एजंटांना चाळीस-पन्नास लाख देऊन डंकीच्या, म्हणजे चोरवाटेच्या, मार्गाने आलेले. ते काही उपाशी नव्हते. रजिस्ट्रीची तारीख पुढे आणली तर हेच एजंट गावोगाव सांगत फिरतील, 'सात वर्षं काढ, मग पक्का होशील.'

ओढ्याकाठी

एजंटांबद्दल पूर्ण सहमत. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबाच्या सीमेवर गुजरातेतल्या डिंगुचा गावचं अख्खं कुटुंब, आई-बाप आणि दोन लहान मुलं, बर्फात गोठून गेली. त्यांना त्या थंडीत सोडणाऱ्यांना जितकी शिक्षा होईल तितकी कमी.

तुमच्या शंकेचं उत्तर जुन्या कायद्यातच आहे. रजिस्ट्रीत एक ठरलेली, मागे गेलेली तारीख असते. नवीन येणाऱ्याला ती लागू होत नाही. सरकती सात वर्षं नको असतील तर ठरलेली तारीख घ्या, पण १९७२ पेक्षा अलीकडची घ्या! आणि तिच्या जोडीला अकुशल कामगारांचा आकडा वाढवा, म्हणजे एजंटाचं दुकानच चालणार नाही. एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही. उपाशी माणसालाच माणूस म्हणून वागणूक, असं नसतं. पन्नास लाख कर्ज काढून आलेल्यालाही बेड्या नकोत.

खिडकीतून

मी इमिग्रेशन कोर्टात दुभाषी आहे. हिंदी, मराठी, थोडी गुजराती. कुठलं कोर्ट ते सांगत नाही.

लोकांना वाटतं कोर्ट म्हणजे कोर्ट. हे न्यायाधीश न्यायव्यवस्थेचे नाहीत, न्यायखात्याचे नोकर आहेत. वरचे अधिकारी त्यांना काढू शकतात, आणि २०२५ मध्ये अनेकांना काढलंही. तीस लाखांच्या वर खटले पडून आहेत. प्रकरण दिवाणी म्हणून सरकार वकील देत नाही. परवडला तर तुमचा तुम्ही करायचा. समोर सरकारचा वकील मात्र कायम हजर. सात-आठ वर्षांची मुलंही एकटी त्या खुर्चीवर बसलेली मी पाहिली आहेत, पाय जमिनीला टेकत नाहीत.

२०२५ च्या मे महिन्यापासून एक नवीन प्रकार सुरू झाला. माणूस बोलावल्याप्रमाणे तारखेला येतो. सरकारी वकील उभा राहून म्हणतो, आम्हाला हा खटला काढून टाकायचा आहे. माणसाचा चेहरा उजळतो, त्याला वाटतं सुटलो. मला शब्दशः तेच भाषांतर करावं लागतं, पुढचं काही सांगता येत नाही, दुभाष्याला सल्ला द्यायची परवानगी नसते. तो बाहेर कॉरिडॉरमध्ये जातो. तिथे तोंडाला मास्क लावलेली माणसं लिफ्टपाशी उभी असतात. खटला निघाला की जलद हद्दपारीचा मार्ग मोकळा होतो, म्हणून तो काढायचा असतो. एका मुलाने धरल्यावर मागे वळून मला हिंदीत विचारलं, "दीदी, जज ने तो छोड़ दिया था ना?"

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अपील मंडळाने निर्णय दिला की तपासणीशिवाय सीमा ओलांडून आलेल्यांना इमिग्रेशन न्यायाधीश जामीन देऊ शकत नाही, मग ते कितीही वर्षं इथे राहिलेले असोत. कितीतरी जिल्हा न्यायाधीशांनी याविरुद्ध निकाल दिलेत, पण त्यासाठी वेगळी याचिका करावी लागते, त्याला वकील लागतो. वीस वर्षं छपरं घालणारा माणूस वकील आणणार कुठून?

कायदा बदलायचा तर दोन गोष्टी माझ्या मते सर्वांत आधी हव्यात. एक, ही कोर्टं न्यायखात्याच्या हाताखालून काढून स्वतंत्र करा. दोन, निदान कोठडीतल्यांना आणि मुलांना सरकारी वकील द्या. तारीख, कोटा, सगळं नंतर. जो नियमाप्रमाणे हजर राहतो त्यालाच धरायचं, तर उद्या हजर कोण राहील?

चिंचपोकळी

खिडकीतून, हे भयंकर आहे. माझं १९८६ बद्दलचं मत तेच आहे, पण कोर्टात बोलावून धरणं याला कायद्याचा धाक म्हणता येणार नाही. वकिलाच्या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत.

वर्धेकर

थोडं अवांतर, पण या धाग्यात हवंच. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगनच्या कृषी महाविद्यालयात शिकले, गदरच्या चळवळीत होते. पुढे इंग्रज मागे लागले, देशात येता येईना, तेव्हा त्यांना आसरा दिला मेक्सिकोने. चापिंगोच्या कृषी शाळेत ते प्राध्यापक झाले, मक्यावर मोलाचं काम केलं. दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. देश नसलेल्या मराठी माणसाला ज्या देशाने ठेवून घेतलं, त्या देशाच्या मजुरांबद्दल आपण जपून बोलावं.

आणि अमेरिकेतलं म्हणाल तर १९१७ च्या कायद्याने आपल्याला येण्याचीच बंदी होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीय 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं, आणि आधी मिळालेल्यांचंही काढून घेतलं गेलं. १९४६ ला दार उघडलं तेही वर्षाला १०० जणांपुरतं. तेव्हाही कुणीतरी 'रांगेतून या' म्हणतच असेल.

नवी_पेठ

अमेरिकेला शहाणपण शिकवताना आपल्याकडे बघा. जून २०२५ मध्ये मुंबई-ठाण्यात काम करणाऱ्या बंगाली बोलणाऱ्या मजुरांना बांगलादेशी समजून उचललं आणि सीमेपलीकडे ढकललं. ते निघाले पश्चिम बंगालचे, भारताचे नागरिक. मग दोन्हीकडच्या सीमादलांची बैठक होऊन परत आणले. आपला १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आला, तरी 'मी परका नाही' हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच आहे.

ओढ्याकाठी

नवी_पेठ, यावर स्वतंत्र धागा काढाच, मी नक्की लिहीन. तिथेही दुखणं हेच आहे. आधी उचलायचं आणि कागद नंतर बघायचे.

पायरीवरची

खिडकीतून ताई, एक विचारायचं होतं. मघाशी ज्या मावशींबद्दल लिहिलं, त्यांच्या मुलाने इथल्या मुलीशी लग्न केलं, मागच्या वर्षी तो नागरिक झाला. वय सव्वीस. ग्रुपवर कुणीतरी सांगितलं की मावशींनी आधी भारतात जावं आणि तिथून रीतसर अर्ज करावा, ते स्वच्छ पडेल. त्या तिकीट काढायच्या बेतात आहेत.

खिडकीतून

तिकीट काढू देऊ नका! आधी विमानात बसल्या तर दहा वर्षांची बंदी लागेल.

मी वकील नाही, पण हे वकिलाला विचारण्याआधीच थांबवायला हवं. त्या व्हिसावर, विमानतळावर शिक्का घेऊन आल्या होत्या ना? मग २१ वर्षांवरच्या नागरिक मुलाची आई म्हणून त्या इथेच राहून अर्ज करू शकतात. व्हिसा संपल्यानंतर राहिल्या, रोखीने काम केलं, तरी या नात्याच्या अर्जात ते आड येत नाही. सीमा चालून आलेल्या बाईला हाच मुलगा असता तरी हे मिळालं नसतं. पूर्वी हजार डॉलर दंड भरून तिलाही इथेच अर्ज करता यायचा, २४५-आय नावाचं कलम होतं. ३० एप्रिल २००१ ला त्याची मुदत संपली, पुन्हा आणलं नाही. ओढ्याकाठी, तुमच्या यादीत हेही घाला.

जुना पासपोर्ट आणि त्यातला आय-९४ (देशात आल्याची नोंद) शोधायला सांगा. पांढरं कार्ड असेल, पानाला स्टेपल केलेलं. हरवलं असेल तर त्याची नक्कल मिळवायचाही अर्ज असतो. कन्सल्टंट म्हणवणाऱ्यांकडे जाऊ नका, परवाना असलेला वकील किंवा न्यायखात्याची मान्यता असलेला प्रतिनिधीच बघा. मुलाखतीला वकील बरोबर असल्याशिवाय जायचं नाही, दिवस वाईट आहेत. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कमी पैशात काम करणाऱ्या दोन संस्थांचे फोन देते.

पायरीवरची

व्यनि केला. मावशींना आत्ताच फोन लावते.